एकच इपॉक्सी, दोन टाक्या: डीएम पाण्यात फोड आले, खाऱ्या पाण्यात नाही. असं उलटं कसं?

साइटवाली:
नमस्कार मंडळी. तीन दिवस डोक्यात हेच चाललंय म्हणून धागा काढतेय. आमच्याकडे शेजारी शेजारी दोन लोखंडी टाक्या आहेत, एकीत समुद्राचं पाणी असतं आणि दुसरीत डीएम, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी. दोन्हींना आतून तेच इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा कडक रंग), तीच टीम, त्याच आठवड्यात काम, ब्लास्टिंग (खड्यांचा मारा करून पत्रा साफ करणं) तेच, प्रायमर म्हणजे खालचा पहिला कोट धरून डीएफटी, म्हणजे सुकलेल्या रंगाची जाडी, ३०० मायक्रॉनच्या आसपास. आठ महिन्यांनी दोन्ही उघडल्या तर खाऱ्या पाण्याची टाकी एकदम गुळगुळीत आणि डीएमच्या टाकीत खालच्या मीटरभर पट्ट्यात फोडच फोड, मसुरीच्या दाण्यापासून ते रुपयाच्या नाण्याएवढे. मला वाटत होतं त्रास झाला तर मिठाच्या पाण्यात होईल.

हॉलिडे टेस्ट, म्हणजे विजेच्या ठिणगीने रंगातली भोकं शोधायची चाचणी, मी स्वतः उभी राहून करून घेतली होती, एकही पिनहोल नव्हता. आता कोटिंगवाला म्हणतो पिनहोल राहिला असणार, आणि रंगाचा माणूस म्हणतो तुमचं ब्लास्टिंग नीट नव्हतं. मला भांडण नकोय, मला कळायला हवंय की भोक नसताना फोडाच्या आत पाणी गेलं कुठून. एक फोड सुईने टोचला तर आतून पाणी चक्क पिचकारीसारखं उडालं, म्हणजे आत दाब होता.

खडकसर:
एवढे फोड आहेत म्हणजे पिनहोल असणारच. टेस्टरचं व्होल्टेज कमी ठेवलं असेल.

थेंबथेंब:
खडकसर, नाही पटत. पिनहोल असता तर आतला दाब त्याच भोकातून निघून गेला असता, फोड फुगलाच नसता. साइटवालीताईंनी टोचल्यावर पिचकारी उडाली यातच उत्तर आहे, वरची फिल्म अख्खी होती म्हणूनच दाब धरला गेला.

ताई, पहिली गोष्ट मनातून काढून टाका की पाण्याला आत जायला भोक लागतं. क्युअर झालेलं, म्हणजे पूर्ण कडक झालेलं, इपॉक्सी आपल्याला काचेसारखं वाटतं पण रेणूच्या मापाने बघितलं तर ती साखळ्यांची जाळी आहे, साखळ्या सतत थोड्या थोड्या हलत असतात आणि त्यांच्यामध्ये साधारण अर्ध्या नॅनोमीटरच्या रिकाम्या जागा असतात, पाण्याचा रेणू ०.३ नॅनोमीटरच्या आतबाहेर. तो एका जागेत बसतो, साखळी हलली की शेजारच्या जागेत सरकतो. शिवाय इपॉक्सीत हायड्रॉक्सिल आणि अमाइन गट असतात, त्यांना पाणी आवडतं, त्यामुळे पाणी नुसतं जात नाही तर त्या प्लास्टिकमध्ये विरघळतं. साधं इपॉक्सी बुडवून ठेवलं तर वजनाच्या १ ते ५ टक्के पाणी पिऊन बसतं. पॉलिइथिलीनमध्ये असे गटच नाहीत म्हणून ते जवळपास काहीच पीत नाही. तर किती पाणी पार होणार हे दोन गोष्टींवर ठरतं, किती विरघळतं आणि विरघळलेलं किती वेगाने सरकतं, दोन्हींचा गुणाकार केला की झाली पर्मिअॅबिलिटी. स्पार्क टेस्टर भोक शोधतो, ह्या वाटा त्याला दिसणारच नाहीत.

आता वेळेचा हिशोब, हा प्रत्येकाने एकदा हाताने करून बघावा. इपॉक्सीत पाण्याचा डिफ्युजन कोइफिशंट, म्हणजे रेणू किती वेगाने पसरत सरकतात त्याचा आकडा, नेहमीच्या तापमानाला साधारण १०^-१२ ते १०^-१३ चौरस मीटर प्रति सेकंद धरतात. पाणी पलीकडे स्थिर वेगाने पोचायला लागेपर्यंतचा जो उशीर असतो तो म्हणजे जाडीचा वर्ग भागिले सहा पट कोइफिशंट. तुमचे ३०० मायक्रॉन घातले तर वेगवान बाजूला ४ तास आणि संथ बाजूला ४२ तास येतात. म्हणजे टाकी भरल्यावर फार तर पावणेदोन दिवसात पाणी खालपर्यंत पोचलेलं होतं, दोन्ही टाक्यांमध्ये. तुम्ही आठ महिन्यांनी बघताय.

नवीनच_आलोय:
माफ करा पण मग रंग लावायचाच कशाला? दोन दिवसात पाणी पोचत असेल तर लोखंड आठवड्यात गंजायला हवं ना?

थेंबथेंब:
माफी कसली, हाच प्रश्न विचारायला हवा. १९५०च्या आसपास मेन नावाच्या इंग्रज संशोधकाने हेच मोजलं होतं, उघडं लोखंड ज्या वेगाने गंजतं त्याला जेवढं पाणी आणि ऑक्सिजन लागतं त्यापेक्षा जास्त रंगाच्या फिल्ममधून आरामात जातं असं निघालं. म्हणजे रंग पाणी अडवून लोखंड वाचवत नाही. तो अडवतो आयन, म्हणजे मिठासारखे पदार्थ विरघळल्यावर सुटणारे विद्युतभारित कण. गंज ही विजेची क्रिया आहे, एका जागी लोखंड विरघळतं, दुसऱ्या जागी ऑक्सिजन खपतो आणि मधलं सर्किट आयनांनी पूर्ण व्हावं लागतं. पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे भारित कणांना सामावून घ्यायची ताकद, ८० च्या जवळ आणि इपॉक्सीचा ३-४, त्यामुळे पाण्यात सुखात असलेल्या सोडियम क्लोराइडच्या आयनांना फिल्ममध्ये शिरणं फार महाग पडतं. पाणी जातं, मीठ मागे राहतं. हे वाक्य लक्षात ठेवा, ताईंच्या दोन टाक्यांचं कोडं इथूनच सुटणार आहे.

दुसरं म्हणजे चिकटून राहणं. पाणी खाली पोचलं तरी त्याला साठायला जागा नसेल, फिल्म लोखंडाला सगळीकडे धरून असेल, तर तिथे थेंब होत नाही. वर आणि खाली पाण्याची ओढ सारखी झाली की प्रवाह थांबतो. कितीतरी टाक्या वर्षानुवर्षं अशाच पाणी प्यायलेल्या अवस्थेत ठणठणीत असतात.

खडूफळा:
थेंबथेंब यांनी पाया घातलाच आहे, मी ऑस्मोसिसचं, म्हणजे पडद्यातून पाणी जास्त खारट किंवा दाट बाजूकडे ओढलं जाण्याचं, जोडतो, वर्गात मी हे नेहमी इतिहासापासून सांगतो. १७४८ मध्ये नोले नावाच्या फ्रेंच माणसाने दारूच्या अर्काने भरलेल्या भांड्यावर डुकराचं मूत्राशय ताणून बांधलं आणि पाण्यात बुडवलं तर पाणी आत शिरून पडदा टम्म फुगला. ताईंचा फोड म्हणजे तोच प्रयोग, मूत्राशयाच्या जागी इपॉक्सी. मग व्हान्ट हॉफने १८८० च्या दशकात दाखवलं की हा दाब विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतो, कण कसले आहेत यावर नाही. १९०१ चं रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल त्यालाच मिळालं.

बऱ्याच ठिकाणी डिफ्युजन आणि ऑस्मोसिस असे दोन वेगळे रस्ते असल्यासारखं लिहिलेलं असतं, मला ते चुकीचं वाटतं. रस्ता एकच, रेणू डिफ्युजननेच जातो. ऑस्मोसिस म्हणजे पलीकडे काहीतरी विरघळण्यासारखं बसलंय म्हणून त्या रस्त्यावरची वाहतूक थांबतच नाही, एवढंच. फिल्मखाली मिठाचा कण असेल तर तिथलं पाणी खारट होतं, खारट पाण्याची ओढ वाढते, अजून पाणी येतं, मीठ मात्र फिल्ममधून बाहेर जाऊ शकत नाही.

आकडा बघा. बॅलास्ट टँकच्या, म्हणजे जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात त्या टाक्यांच्या, कोटिंगसाठी आंतरराष्ट्रीय नियमात ब्लास्ट केलेल्या पत्र्यावर विरघळणाऱ्या क्षारांची मर्यादा चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम आहे, ते सगळे क्षार म्हणजे साधं मीठच असं धरून. डोळ्याला काही दिसणार नाही इतकं ते कमी. पण समजा फिल्म आणि लोखंडामध्ये फक्त १ मायक्रॉन पाण्याचा थर साठला, म्हणजे चौरस मीटरला १ मिलिलिटर, तर त्यात हे मीठ विरघळून ०.८६ मोलर होतं, कण दुप्पट, आणि दाब येतो साधारण ४२ अॅटमॉस्फिअर. थर १० मायक्रॉन झाला की तो ४ वर उतरतो.

आता तुमच्या दोन टाक्या. समुद्राच्या पाण्याचा स्वतःचाच ऑस्मोटिक दाब २७ अॅटमॉस्फिअरच्या आसपास आहे. खालचं खारट पाणी पातळ होत होत २७ ला आलं की दोन्ही बाजू सारख्या, खेळ संपला, आणि हे घडतं थर दीड-पावणेदोन मायक्रॉनचा असतानाच. डोळ्याला काय दिसणार? डीएमचा दाब मात्र शून्याजवळ, तिथे वरून विरोधच नाही, फोड फुगतच राहतो, फक्त फिल्मचा ताण त्याला अडवेल तेवढाच. म्हणून शुद्ध पाणी जास्त त्रासदायक. नुसत्या डिफ्युजनने दोन टाक्यांमध्ये फरक पडलाच नसता, कारण समुद्राच्या पाण्याचा बाष्पदाब शुद्ध पाण्यापेक्षा फक्त २ टक्के कमी असतो.

साइटवाली:
खडूफळा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, ते २७ चं गणित वहीत उतरवून घेतलंय. म्हणजे पत्र्यावर मीठ राहिलं होतं असंच ना? पण ब्रेसल पॅचच्या (पत्र्यावर चिकटवून तिथले क्षार मोजायची पट्टी) टेस्ट झाल्या होत्या, रिपोर्ट माझ्याकडे आहेत, २० च्या वर एकही रीडिंग नाही. तुम्ही वर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा निम्म्याहून कमी.

होडीवाला:
माझा अनुभव फायबरच्या होडीचा आहे, लोखंडाचा नाही, पण सांगतो कारण तिथे मिठाचा प्रश्नच येत नाही. जेलकोटखाली, म्हणजे होडीच्या बाहेरच्या गुळगुळीत थराखाली, फोड आले, टोचले की तुरट आंबूस वासाचं चिकट पाणी यायचं, व्हिनेगरसारखा वास. नंतर कळलं की पॉलिएस्टर रेझिन पाण्याने हळूहळू तुटतं आणि त्यातून ग्लायकॉल आणि आम्लं सुटतात, तीच पाणी ओढतात. मीठ बाहेरून यायची गरज नाही, कोटिंग स्वतःच आपल्या पोटात विरघळणारा माल बाळगून असतं. तेव्हा ताई, फोडातलं पाणी फेकू नका, वास घ्या.

थेंबथेंब:
होडीवाल्यांनी लाख मोलाचं सांगितलं. ताई, हे करा. टाकी रिकामी केल्यावर लगेच जा, दुसऱ्या दिवशी नको, कारण बाहेर कोरडं झालं की तेच पाणी त्याच वाटेने परत बाहेर पडतं आणि फोड बसून जातात. सिरिंजने पाणी ओढा, पीएच पट्टी लावा, क्लोराइडची पट्टी लावा, कंडक्टिव्हिटी मीटर असेल तर तीही बघा. पीएच १२ च्या वर आला तर फोड कॅथोडिक, म्हणजे ऑक्सिजन खपतो त्या जागेवरचा, तिथे आसपास कुठेतरी गंजाची क्रिया किंवा कॅथोडिक प्रोटेक्शन (विजेने गंज रोखायची सोय) चालू आहे असं समजा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोडाची टोपी ब्लेडने कापून काढा आणि खाली काय दिसतं ते नीट बघा, लोखंड की प्रायमर.

खडकसर:
जाडी वाढवा, ६०० करा, विषय संपेल.

थेंबथेंब:
जाडी दुप्पट केली की पोचायचा वेळ चौपट होतो, म्हणजे १७ तास ते ७ दिवस, आणि नंतरचा प्रवाह निम्मा. वर्षांच्या हिशोबात ७ दिवस म्हणजे काहीच नाही. प्रवाह निम्मा झाल्याने फोड उशिरा येतील, फिल्म कडक असल्याने लहान राहतील, हा फायदा खरा आहे, नाकारत नाही. पण खाली ओढणारी गोष्ट तशीच राहिली तर शेवटी तिथेच पोचणार. आणि जाड थर घाईत मारला तर उलट आत सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारं थिनरसारखं द्रव, अडकतं.

अडवायचंच असेल तर वाट लांब करा. काचेच्या किंवा अभ्रकासारख्या पातळ चकत्या फिल्ममध्ये आडव्या बसल्या की पाण्याला प्रत्येक चकतीला वळसा घालावा लागतो. लांबी जाडीच्या १०० पट असलेल्या चकत्या नुसत्या ५ टक्के असल्या तरी हिशोबाने पाझर पावपटीवर येतो. साइटवर चकत्या इतक्या शिस्तीत बसत नाहीत, तरी फरक मोठा पडतो.

गरमपाणी:
आमच्याकडे तिसरा प्रकार झाला होता तो नोंदवून ठेवतो. आत ७० डिग्रीचं पाणी, बाहेर उघडा पत्रा, वाऱ्यावर थंड. मीठ नाही, सॉल्व्हंट नाही, तरी फोड. कारण गरम बाजूला फिल्ममध्ये शिरलेलं पाणी थंड पत्र्याजवळ येऊन तिथे दवासारखं जमतं. याला कोल्ड वॉल इफेक्ट म्हणतात आणि लाइनिंग तपासायची अॅटलस सेल टेस्ट यासाठीच आहे, पॅनेलच्या एका बाजूला गरम पाणी आणि दुसरी बाजू उघडी. आम्ही बाहेरून इन्सुलेशन चढवलं आणि नवीन लाइनिंग आजपर्यंत टिकलंय. साइटवालीताईंच्या दोन्ही टाक्या सारख्याच तापमानाला असतील तर हे तुम्हाला लागू नाही.

विद्युतलेखा:
पाणी किती प्यायलंय ते टाकी न फोडता मोजता येतं हेही सांगते. फिल्म म्हणजे कपॅसिटर, वीज साठवणारा थर, तिच्यात ८० कॉन्स्टंटचं पाणी शिरलं की कपॅसिटन्स, म्हणजे साठवायची क्षमता, वाढतो. १९५४ पासून एक साधं समीकरण वापरात आहे, कपॅसिटन्स किती पट झाला त्याचा लॉग भागिले ८० चा लॉग. १५ टक्क्यांनी वाढला तर पाणी साधारण ३ टक्के. मी पॅनेलवर हे रोज करते, पहिल्या एकदोन दिवसात रेघ झरझर चढते आणि मग सपाट होते. सपाट झाल्यावर काही आठवड्यांनी परत चढायला लागली की मी समजते की आता पाणी साठायला जागा सापडली, डोळ्याला फोड दिसायच्या बरंच आधी.

साइटवाली:
परत आले. काल टाकी रिकामी केली आणि तासाभरात सेफ्टीवाल्यांना घेऊन आत उतरले. बारा फोडांतलं पाणी काढलं. पीएच ७ च्या आसपास, एकदोन ठिकाणी साडेसहा. क्लोराइड पट्टी जवळपास कोरी. कंडक्टिव्हिटी अगदी कमी. आणि वास! होडीवाला, तुमचे आभार कसे मानू, सिरिंज नाकाजवळ नेली तर थिनरच्या डब्याचा वास, गोडसर, डोक्यात जाणारा. टोप्या कापल्या तर खाली लोखंड नाहीच, प्रायमर आहे, छान घट्ट, चाकूने सुद्धा निघत नाही. सगळे फोड प्रायमर आणि वरच्या कोटच्या मध्ये. आधी हे मी नीट बघितलंच नव्हतं, पहिल्या दिवशी राखाडी दिसलं ते लोखंड समजले होते.

थेंबथेंब:
मग मीठ नाहीच. पत्र्यावरचं मीठ असतं तर फोड पत्र्यालगत आले असते. प्रायमरमधलं सॉल्व्हंट पूर्ण उडायच्या आत वरचा कोट बसलाय. त्यात ग्लायकॉल ईथरसारखं सावकाश उडणारं आणि पाण्यात मिसळणारं काही असेल तर ते मिठासारखंच काम करतं, दाब फक्त कणांची संख्या बघतो हे खडूफळा यांनी लिहिलंच आहे. आयन नाहीत म्हणून कंडक्टिव्हिटी आणि क्लोराइड दोन्ही गप्प, ब्रेसलला तर ते दिसणारच नाही. आणि फोड फक्त खालच्या मीटरभर का? सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते, टाकीच्या तळाशी साचून राहते. हवा खेळवायला ब्लोअर कुठे होता तुमचा?

साइटवाली:
वरच्या मॅनहोलवर. फक्त वर. आणि डायरीत बघितलं, डीएमच्या टाकीत दुसरा कोट ठरलेल्या वेळेच्या आधी मारलाय, पाऊस येणार म्हणून घाई. दुसरी टाकी पण तशीच झालीये.

खडूफळा:
म्हणजे दोन्ही टाक्यांत सॉल्व्हंट अडकलंय. हिशोब करून बघितला. चौरस मीटरला समजा १ ग्रॅम ग्लायकॉल ईथर राहिलं, रेणुभार ११८ धरला, तर ०.००८५ मोल. हे समुद्राच्या पाण्याच्या दाबाशी जुळतं थर सुमारे ८ मायक्रॉनचा झाल्यावर, त्यापुढे फुगत नाही. डीएममध्ये १० मायक्रॉनच्या थराला सुद्धा अजून २० अॅटमॉस्फिअर ढकलतायत. ढोबळ आहे हे, पण दिशा स्पष्ट आहे. ताई, खाऱ्या टाकीत कधी धुवायला म्हणून गोडं पाणी भरून ठेवू नका.

साइटवाली:
बाप रे, पुढच्या महिन्यात तेच ठरलं होतं. थांबवते.

नवीनच_आलोय:
वाचतोय, खूप शिकायला मिळतंय.

साइटवाली:
सव्वादोन महिन्यांनी अपडेट देतेय, राहून गेलं होतं. खालचा पट्टा पूर्ण ब्लास्ट करून परत केला, या वेळी तळापासून शोषून घेणारा डक्ट सोडला आणि प्रायमरनंतर ठरलेल्या वेळेपेक्षा एक दिवस जास्त थांबलो. सोबत दोन पॅनेल केली, एकाला तसाच पूर्ण वेळ दिला, दुसऱ्यावर मुद्दाम चार तासात वरचा कोट मारून पत्र्याच्या पेटीत झाकून ठेवलं. दोन्ही ४० डिग्रीच्या डीएममध्ये. घाईच्या पॅनेलवर अकराव्या दिवशी सकाळी टॉर्च तिरका धरल्यावर टाचणीच्या डोक्याएवढे फोड दिसले, खालच्या अर्ध्या भागात, आता ते मोठे झालेत. दुसरं पॅनेल आज बासष्टाव्या दिवशी साफ आहे. कोटिंगवाल्यांना दोन्ही शेजारी ठेवून दाखवली, पेटी उघडल्यावर वास त्यांनाही आला.